निळे हातमोजे

माझ्या हातांना रबर चालत नाही.
मनगटापर्यंत गांधी उठतात,
म्हणून आरोग्यकेंद्रात माझ्यापुरता निळ्या हातमोज्यांचा खोका येतो,
तीन दिवसांच्या होडीने, मीठ आणि डिझेलसोबत.
झुरुआ नदीकाठी जन्मले, आजोबा चीक काढायचे,
आणि मलाच चीक सोसत नाही:
गाव हसतं यावर. हसू दे.

त्या मंगळवारी ओनोफ्रे आले.
वय शहाऐंशी, पाय सुजलेले, टोपी मांडीवर.
दंडाला नळी आवळली, तरी शीर वर येईना.
ते माझ्या सुईकडे बघत राहिले,
सुतार दुसऱ्याच्या रंध्याकडे बघतो तसे.
"घाई नको, पोरी. साल आधी बोटांनी वाच.
खोल गेलीस तर झाड रुसतं,
मग वर्षानुवर्षं त्या जागी थेंब देत नाही."

शीर लागली.
नळीत तिरकं उतरणारं रक्त बघत
"आमचा पांढरा होता," एवढंच म्हणाले.

आणि माझा हात नाकाशी नेऊन वास घेतला,
उघड, गुरासारखा.
"हे झाडाचं नाही."
नाही, म्हटलं. तेलापासून करतात, कारखान्यात.
"अच्छा. म्हणजे हेच ते."

सेआरात तेव्हा पाऊस नव्हता. भरतीवाल्यांनी दिलं:
निळी विजार, पांढरा सदरा, थाळी, मग, झोळी,
सिगारेटचं एक पाकीट. ("ओढत नव्हतो. तरी घेतलं.")
म्हणाले, तू शिपाई.
पूर्वेकडचे मळे शत्रूने गिळलेत,
जीपला टायर नाहीत, विमानाला नाहीत,
आता लढाई तुझ्या चाकूवर.
वीस वर्षांच्या पोराला असं कुणी सांगितलं
की ते उड्या मारतच होडीत चढतं.

पहाटे दोनला कपाळावर दिवा.
दीडशे झाडं,
आणि दर दोन झाडांमध्ये अख्खं जंगल.
दुपारी तीच वाट उलटी, वाट्या उपसत.
मग धुरात बसायचं, काठीवर थरावर थर,
गोळा डुकराएवढा होईपर्यंत.
"डोळे तेव्हाच गेले. मोतीबिंदू नुसता नावाला आला."
एलिसियू तापात गेला.
द्योक्लेसियूची नुसती टोपी सापडली.

लढाई संपली, ते नदीला पाणी चढल्यावर कळलं.
दुकानदाराने सांगितलं,
मिठाचं पोतं उतरवता उतरवता.
तोवर उत्तरेत कुणी तेलातून, कुणी मद्यार्कातून
टायर ओतले होते.
यांचे गोळे धक्क्यावर उन्हात एकमेकांना चिकटले.
परतीचं तिकीट कुणी छापलंच नव्हतं.

मी दुसऱ्या नर्सचा पांढरा खोका फिरवून वाचला: मलेशिया.
हे खरं झाडाचं आहे, म्हटलं.
ओनोफ्रे खूष झाले, कुणी दूरची सोयरीक लावून द्यावी तसे.
"आमच्याच बियांची नातवंडं! टोपल्या भरभरून नेल्या होत्या,
माझा आजा रांगत असेल तेव्हा.
तिकडे म्हणे शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहतात.
इथे रांगेत लाव, पानं करपून मरतात.
आमच्या झाडांना शेजार सोसत नाही."

नोंदवहीत 'व्यवसाय'पुढे मी पेन्सिलीने
शेतमजूर लिहून ठेवलं होतं, सगळ्यांपुढे लिहिते तसं.
"काय लिहिलंस?"
वाचलं.
"खोड."

आमच्या भाषेत रबराला आणि खोडायच्या रबराला शब्द एकच.
मी खोडलं. कागदावर काळसर शेवया उरल्या,
त्यांनी त्या बोटाने गोळा केल्या, चिमटीत वळल्या,
एक बारीकशी गोळी केली
आणि खिडकीतून टिचकीने उडवली.
त्या जागी लिहिलं: शिपाई.
पुढची ओळ तपासायला कुणी येणार नाही,
म्हणून तेही लिहिलं, कुठल्या लढाईचा.

दंडावरची नळी चिरत आली होती, टाकायचीच होती.
"टाकणार असशील तर दे. पणतूची बेचकी तुटलीय."
नियमात बसत नाही, म्हटलं.
मग मोजे काढले, उघड्या हातानेच
ती घडी करून त्यांच्या टोपीत ठेवली.

संध्याकाळपर्यंत बोटं खाजत होती.